पाचव्या फांदीचं फूल

पंप मीच मागवला होता. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, आणि ढकललं तरी माझं मन मला सोडायचं नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकते. दिराला फोन मी केला, औषध मी आणलं, टोपणानं मोजून पंपात मीच ओतलं आणि पहिली धारही माझ्याच हातानं सोडली.

आमची लेक यवतला दिलीय. शिरूरहून न्हावरा, तिथनं चौफुला, मग यवत. मध्ये उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या नाहीत तर दीड तासाचा रस्ता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज काही आम्ही मोडणार नव्हतो. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी तिला आणायला गेले, तर विहीणबाईंच्या घरावर वरच्या मजल्याचं काम निघालेलं. येणाऱ्या नातवंडासाठी खोली. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली आल्या होत्या. अडेनियम शेजारणीकडं, गुलाब जिन्याखाली, बोगनवेल रस्त्याच्या कडेला सिमेंट खात उभी.

एक झाड मात्र त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. निळा ड्रम कापून केलेल्या कुंडीत छातीएवढी वाढलेली जास्वंद. खोड आपल्या गावठी लाल जास्वंदीचं आणि त्याच्या पाच फांद्यांवर पाच वेगवेगळी कलमं. हे त्यांच्या मालकांचं काम. मालक एसटीत मेकॅनिक होते. आठवडाभर डेपोत गाड्यांखाली झोपायचे आणि सुट्टीच्या दिवशी दाढीच्या ब्लेडनं जास्वंदीला कलमं बांधायचे, वरनं दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळायचे. शेंदरी, पांढरं, गुलाबी, तपकिरी अशी चार कलमं लागली आणि फुललीही. पाचवं बांधलं आणि चार महिन्यांत ते गेले. हार्ट अटॅक, जेवता जेवता. पाचव्याचा रंग कुठला हे त्यांनी बायकोला सांगितलंच नव्हतं. विचारलं की म्हणायचे, फुलल्यावर बघ. त्याला तीन वर्षं झाली. फांदी जिवंत होती, पानं धरत होती, पण कळी म्हणून कधी आली नाही.

हे सगळं विहीणबाईंनी मला ड्रमशेजारी उभं राहून सांगितलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणं बोलत बोलत भलतीकडंच गेल्या. दौंडजवळ त्यांच्या माहेरच्या अंगणात एक जास्वंद होती, फिकट पिवळी, पोटात तांबडा डाग, पाकळीची कड कातरलेली. तसली नंतर कुठं दिसली नाही. नवऱ्याला लग्नापासून सांगत होत्या की मला तसली आणा, पण ते कसले आणतात, भावांशी वाकडं आल्यापासून त्या गावच्या वेशीतसुद्धा पाय ठेवत नव्हते. शपथच घेतली होती म्हणे. आता ती जास्वंदही राहिली नाही, भावांनी अंगणात गाळे काढले. मी नुसती हूं हूं करत होते. माझं लक्ष लेकीच्या सुजलेल्या पायांवर होतं.

झाड पिकअपमध्ये चढवून झालं. दोरीनं आवळून झालं. मग विहीणबाई माझ्याजवळ आल्या.

"फक्त पाणी घाला. बाकी काही म्हणजे काही करू नका. तुम्ही शेतीवाली माणसं, शोभेच्या झाडालासुद्धा पिकासारखी फवारणी करता."

हसत म्हणाल्या हो, पण मला मिरच्या झोंबल्या. मी राहू गावची, उसातच वाढले, हे खरं. सासरीही घोडनदीच्या काठाला ऊस आहे, तो दीर बघतो. आमचे हे कंपनीत. पण शिरूरला घर बांधल्यापासून वीस वर्षं मी अंगणात फुलझाडं वाढवतेय. माझी शेवंती बघायला गल्लीतल्या बाया येतात. ही मला झाड शिकवणार? तोंडानं मी म्हटलं, काळजी करू नका. आणि मनात म्हटलं, दाखवतेच तुम्हाला.

झाड मी नळाजवळ पूर्वेच्या भिंतीला ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन तिथं दहापर्यंत राहतं. पाणी तेवढं घातलं, दुसरं काही केलं नाही. आणि पाडवा होऊन चार दिवस झाले असतील, झाडलोट करताना पाचव्या फांदीच्या शेंड्याला मला कळी दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. मी खाली बसून पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली आणि तशीच ओल्या हातानं यवतला फोन लावला.

विहीणबाईंनी तिकडून विचारलं, कुठल्या फांदीला म्हणालात? मी परत सांगितलं. त्या रडायला लागल्या. तीन वर्षं ज्यांच्या गच्चीवर ती फांदी रुसून बसली ती माझ्या अंगणात आली आणि फुलायला निघाली, याचा मला किती गर्व झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला त्यांचा फोन. आधी सुनेची चौकशी, दोन वाक्यांत. मग, कळी काय म्हणते?

कळी बोटाच्या पेराएवढी झाली तेव्हा मला मिलीबग दिसला. पांढरा कापसासारखा किडा, देठाला चिकटून रस पितो. जास्वंदीला तो नवीन नाही, पण नेमका पाचव्याच फांदीवर, कळीच्या देठालाच चिकटलेला. मी काडीला कापूस लावून पुसला. दोन दिवसांनी दुप्पट आला. देठ पिवळा पडायला लागला. कळी गळते की काय, या धास्तीनं मला घास गोड लागेना.

विहीणबाईंना विचारायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पण विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघा, मिलीबग पाडलात ना. म्हणून मी दुकानातून औषध आणलं आणि दिराला फोन केला की पंप पाठव. तो स्वतःच मोटरसायकलवर पंप अडकवून घेऊन आला. मी विचारलं, कशाला वापरला होता?

"उसात तणनाशक मारलं व्हतं परवा. पर धुतलाय म्या, वैनी. दोनदा पावडरीनं धुतलाय."

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी पंपाला हात लावत नाही. उसातलं तणनाशक उसाला काही करत नाही, पण रुंद पानाचं जे म्हणून हिरवं असेल ते पिळून काढतं. त्याचा थेंबभर अंश पुरतो. म्हणून शहाणी माणसं तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवतात. ज्यांच्याकडं एकच असतो ते टाकी धुतात, पाईप धुतात, आणि एवढं करूनही पहिली धार कुठंतरी बांधावर सोडून देतात. कारण पाईपात राहिलेलं पहिल्या धारेत बाहेर येतं. हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं.

आणि मी काय केलं? लेकीला आत बसवून दार लावलं, पदर तोंडाला बांधला, पंप पाठीला घेतला, नळी सरळ कळीजवळ नेली आणि दांडा दाबला. मिलीबग तिथंच होता ना. पहिली धार पाचव्या फांदीवर.

वास आला. पदरातूनसुद्धा आला. ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना सांगायला नको. गोडसर, डोकं धरणारा, दवाखान्यासारखा. माझा हात थांबला. थांबला आणि परत सुरू झाला. मनाला म्हटलं, टाकी धुतलीय, प्लास्टिकला वास राहतोच. मग उरलेल्या चारही फांद्यांवर फवारणी करून मी पंप खाली ठेवला. मला कळलं होतं. त्या क्षणाला नळीनं पाणी मारून झाड धुऊन काढलं असतं तर काही वाचलं असतं. पण धुवायचं म्हणजे चूक झाली हे मान्य करायचं, आणि मला ते जमलं नाही. माझ्या हेकट स्वभावाचे मी आजवर पुष्कळ चटके खाल्लेत, पण एवढा मोठा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेंड्याची पानं वळली. कडा वर आल्या, द्रोण व्हावा तशा. देठ पिळवटले. दिराला बोलावलं. त्यानं पान बोटांत धरून पाहिलं, पंप उघडून पाहिला आणि मान खाली घातली. टाकी दोनदा धुतली होती, म्हणाला. पाईप राहिला. मी त्याला वाटेल ते बोलले. तो गरीब बिचारा ऐकून घेत होता, आणि मला आतून कळत होतं की मी ओरडतेय ते माझ्यावरच.

पाणी मारलं, बादल्यांवर बादल्या. कुंडीतून पाणी वाहून गेलं, अंगणात चिखल झाला. आता त्याचा उपयोग नव्हता.

फवारणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते उमललं.

सात वाजले होते. हे पहिल्या पाळीला गेले होते, लेक झोपली होती. मी चहाचा कप घेऊन मागं आले आणि कप तसाच हातात राहिला. वळलेल्या, पिळलेल्या पानांत एकच फूल. फिकट पिवळं. पोटात तांबडा डाग. पाकळ्यांची कड कातरलेली.

यवतच्या ड्रमशेजारी अर्ध्या कानानं ऐकलेलं सगळं मला शब्दान्‌ शब्द आठवलं. त्या गावच्या वेशीत पाय न ठेवणारा माणूस तिथं गेला होता. गाळे निघायच्या आधी जाऊन, मेहुण्यांच्या दारात उभा राहून, त्यानं बायकोच्या माहेरच्या जास्वंदीची काडी मागून आणली होती आणि बायकोला एका अक्षरानंही सांगितलं नव्हतं. फुलल्यावर बघ.

मी फोन काढून फोटो घेतला. पाठवायलाच घेतला, देवाशप्पथ. बोट त्यांच्या नावावर नेलं आणि फोटो परत एकदा पाहिला. फुलामागची सगळी पानं मुरडलेली दिसत होती. जिला चाळीस वर्षांचा झाडांचा हात आहे तिला ते एका नजरेत कळलं असतं. मी फोटो कापून नुसतं फूल ठेवायला गेले, तर फुलाचीच एक पाकळी आखडलेली होती. मी फोन पालथा घातला.

आठला त्यांचा फोन आला. कळी काय म्हणते?

मी म्हणाले, आहे.

म्हणाल्या, अजून नाही उमलली? मी म्हणाले, नाही. फूल माझ्यापासून हातभर लांब होतं. मी त्याच्याकडं बघत हे बोलले. फोटो पाठवा म्हणाल्या, तर मी फवारणीच्या आधीचा, टवटवीत कळीचा फोटो पाठवला. लगेच उत्तराला हात जोडलेले आले.

जास्वंदीचं फूल एक दिवसाचं. मी त्या दिवशी त्याच्याजवळच पाट टाकून बसले. गवार तिथंच मोडली, कपड्यांच्या घड्या तिथंच घातल्या. दुपारी ऊन चढलं तर साडी आडवी बांधून सावली केली. एवढं सगळं सुचलं मला. साडेपाचला पाकळ्या मिटायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिळलेल्या बोळ्यासारखं ड्रममध्ये पडलं होतं. आठला फोन आला तेव्हा मी सांगितलं, कळी गळली.

मला वाटलं होतं, त्या बोलतील, टोचतील. तर म्हणाल्या, असू द्या हो, तुम्ही काय कराल. एकदा धरली म्हणजे परत धरेल. आधी पोरीकडं बघा. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेकीला नववा लागला होता आणि माझा अर्धा जीव तिच्यात, अर्धा त्या ड्रममध्ये. यवतच्या पलीकडं सोलापूर रोडला नर्सऱ्या आहेत, ओळखीतून तिथल्या एका माळ्याशी बोलले. तो म्हणाला, छाटू नका, खत घालू नका, सावलीत ठेवा, वाचायचं तेवढं वाचेल. चार फांद्यांना पहिली धार लागली नव्हती. त्यातल्या दोन हळूहळू सुकल्या, शेंदरी आणि पांढरी तग धरून राहिल्या. पाचवी शेंड्याकडून काळी पडत खाली आली. मी रोज नखानं साल खरवडून बघायची. आज इथं हिरवं आहे, उद्या बोटभर खाली. एके दिवशी नख दुधाच्या पिशवीच्या पट्टीपर्यंत आलं आणि तिथंही साल कोरडी निघाली.

लेकीपासून किती दिवस लपणार? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिनं एका सकाळी मागं येऊन झाड पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि मी सगळं सांगितलं. फोटोही दाखवला. ती पोटावर हात ठेवून पायरीवर बसली.

"मिलीबगनं खाल्लं म्हणून सांग. पंपाचं नाव काढू नकोस. आई, मला त्या घरात नांदायचंय."

तिचंही चुकत नव्हतं. दोन वर्षं तिचं आणि सासूचं जमत नव्हतं. दिवस गेल्यापासून कुठं सूर लागला होता. सासूला ती मम्मी म्हणायला लागली होती, आणि सासू तिला बाजारातून बोरं आणून द्यायला लागली होती. माझ्या एका फवारणीनं ते सगळं परत उलटायचं होतं. आणि मिलीबग खोटा कुठं होता? होताच की. निम्मं खरं होतं.

हेच निम्मं खरं मी लहानपणी ऐकलं होतं. राहूला आमच्या शेजारच्या रानात मिरची होती. आमच्या वडलांनी वारं असताना उसात तणनाशक मारलं आणि बांधापलीकडची मिरची चार दिवसांत मुरडली. शेजारची काकू दारात आली. वडील शांतपणे म्हणाले, बोकड्या पडलाय, यंदा सगळीकडंच आहे. मिरचीवर बोकड्या पडतो, पानं तशीच मुरडतात. काकू परत गेली. त्या दिवशी पंपाला पाणी मी आणून दिलं होतं. मी दाराआड उभी होते आणि गप्प बसले. काकू पुढं कित्येक वर्षं मला बांधावरून हाका मारून हरभऱ्याचे डहाळे द्यायची. ते डहाळे माझ्या घशाखाली नीट उतरायचे नाहीत.

मी लेकीला म्हटलं, बघू. तिनं एवढ्यावर सोडलं नाही. तिनं त्या दिवशी संध्याकाळी स्वतःच सासूला फोन करून सांगितलं, झाडाला मिलीबग लागलाय, आईनं फार केलं पण आटोक्यात येत नाही. म्हणजे आता मला खोटं बोलायचंही काम उरलं नव्हतं. गप्प बसलं की झालं.

फोटो मात्र फोनमध्ये होता. एकदा मी तो पुसायला घेतला. कायमचा पुसायचा का, असं फोननं विचारलं. मी किती वेळ त्या प्रश्नाकडं बघत बसले. विहीणबाईंच्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी ठेवलेलं ते एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्या फोनमध्ये, मिस्त्रीच्या नंबरांच्या आणि लग्नाच्या पत्रिकांच्या फोटोंत. नाही, म्हणून बोट लावलं.

लेक सुखरूप सुटली. मुलगी झाली. त्या दिवशी जावई आले. विहीणबाईंच्या घराचा स्लॅब टाकला जात होता, त्यांना हलता येईना. त्या आल्या पाचवीला, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू घेऊन. नातीला मांडीवर घेतलं, सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला, बोटं मोडली. सगळं घर हसत होतं. चहा झाला आणि त्या म्हणाल्या, कुठं ठेवलंय? चला बघू.

लेकीनं बाजेवरून माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली.

मागच्या अंगणात त्या ड्रमसमोर उभ्या राहिल्या. शेंदरीला दोन नवी पानं आली होती, ती त्यांनी बोटानं हलकेच उचलून पाहिली. मग पाचव्या फांदीला हात लावला. काळी वाळकी काडी, तिच्यावर अजून दुधाच्या पिशवीची पट्टी. पट्टीवरनं त्यांनी अंगठा फिरवला.

"मिलीबग वाईटच," त्या म्हणाल्या. "तुमचा काय इलाज."

मान हलवायची होती फक्त. आत लेक होती, पाच दिवसांची नात होती.

"मिलीबगनं नाही," मी म्हटलं. "मी मारलं."

आणि मग थांबलेच नाही. पंप, पाईप, पहिली धार, वास आल्यावरही थांबले नाही ते, सगळं सांगितलं. लेकीनं फोनवर जे सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं, तिच्यावर राग धरू नका, काय बोलायचं ते मला बोला, असंही म्हटलं. त्या ऐकत होत्या. चेहरा कडक होत गेला. मला वाटलं, बोलतील ते ऐकून घ्यायचं, आपण तेवढं केलंय.

मग म्हटलं, अजून एक आहे. कळी गळली नव्हती. आणि फोन पुढं केला.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. फुलाचं पोट, तांबडा डाग. मग कड. मग मुरडलेली पानं, तीही पाहिली. परत फुलावर आल्या. त्या नळाच्या कट्ट्यावर बसल्या.

"गेले होते म्हणजे तिथं," त्या म्हणाल्या. मला नाही, असंच.

आत बाळ रडलं, लेकीनं घेतलं असावं, शांत झालं. मी म्हटलं, माफ करा. त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, किती वेळ होतं? मी सांगितलं, सकाळी सातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. दिवसभर शेजारी बसून होते, ऊन लागू नये म्हणून साडी बांधली होती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, राग असता तर बरं झालं असतं.

"दिवसभर होतं? मग मला का नाही बोलावलंत?"

झाड मारल्याचा मी त्या महिन्यात शंभर वेळा विचार केला होता, पण हे एकदाही मनात आलं नव्हतं.

त्यांनी सुनेवर त्याचा राग काढला नाही, कधीच. ड्रम त्यांच्या गच्चीवर गेला, शेंदरी आणि पांढरी फुलतात, नात त्यांच्या मांडीवर बसून पाकळ्या तोडते. माझ्याशी त्या नीट बोलतात, सणाला साडी पाठवतात. फक्त सकाळी आठला फोन येत नाही. आणि मी अजून सकाळी आठच्या सुमाराला मागच्या अंगणात गेले की तोच हिशेब करत बसते. सातला फूल उमललं होतं, आठला त्यांचा फोन आला होता. खरं बोलले असते तर साडेनऊला त्या इथं, माझ्या नळापाशी असत्या.